चार पावसाळे काढलेली गाडी आतून कशी दिसते?

गेले दोन महिने मी नवी गाडी बघतोय. रत्नागिरी, चिपळूण, कोल्हापूर, तिन्हीकडची शोरूम पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी विक्रेता आधी डॅशबोर्डवर हात ठेवायला सांगतो. ‘दाबून बघा साहेब, किती मऊ आहे.’ मऊ असतोच. पण माझ्या आत्ताच्या गाडीचाही मऊ होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दाराच्या मुठीवरचा तो मखमली थर चिकट व्हायला लागला, गुळाच्या ढेपेला हात लावावा तसा. पाचव्या वर्षी नखाने सोलून निघाला. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘गाडी उन्हात उभी राहत असेल.’ माझी गाडी फणसाखाली उभी असते.

जर्मन गाडीचं दार, कोरियन गाडीचा थाट, जपानी गाडीचा साधेपणा, टाटा-महिंद्रांनी गेल्या दहा वर्षांत आतून केलेली सुधारणा, यावरचे वाद मी आवडीने ऐकतो आणि घालतोही. पण ते बहुतेक पुण्याच्या हवेतले वाद असतात. आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खारं वारं बारा महिने असतं. म्हणून किनाऱ्यावर गाडी वापरणाऱ्यांना मनापासून विनंती: नवी असताना कशी होती ते नको, आज आतून कशी आहे ते लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव टाळा, कोणता भाग आणि काय झालं एवढं पुरे. कौतुक असेल तर नाव जरूर द्या.

कुडाळहून, गाड्यांच्या सीटा शिवणारा

बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे चिकट थराचं आधी सांगतो. तो ऊन लागून होत नाही, निदान एकट्या उन्हाने नाही. कडक प्लॅस्टिकवर मऊ वाटावं म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ लेप देतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की हवेतली वाफ त्या लेपाची साखळी तोडते आणि तो विरघळल्यासारखा होतो. कोरड्या गावात हेच व्हायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत देशी, विदेशी, महाग, स्वस्त असा फरक मला दिसलेला नाही. लेप असेल तर आज ना उद्या चिकटतो. फोमवर जाड कातडं चढवलेला डॅशबोर्ड वेगळा, तो टिकतो. शोरूममध्ये दोन्ही बोटाला मऊच लागतात. ओळखायचं कसं? अंगठ्याने जोर द्या. खरा असेल तर आत दबेल आणि परत वर येईल. लेप असेल तर फक्त गुळगुळीत लागेल, दबणार नाही.

लेदरेटचं, म्हणजे नकली चामड्याचंही तसंच. पीव्हीसीचं रेक्झिन कडक होतं, शिवणीजवळ तडकतं, पण दमट हवेला दाद देत नाही. पीयूचं, म्हणजे त्याच पॉलियुरेथेनचं, हाताला खऱ्या चामड्यासारखं लागतं आणि सात-आठ वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. लोक पापुद्रे सुटलेली सीट घेऊन येतात आणि म्हणतात, ‘एवढी महागाची गाडी!’ मी काय सांगणार? कापड सगळ्यात टिकाऊ. टोयोटाची क्वालिस २००४ साली बंद झाली, तिच्या सीटा अजून माझ्याकडे येतात. फोम बसलेला असतो, कापड उसवलेलं नसतं.

आणि एक. सीट वर उचलून तिच्या रुळांकडे कोणी बघत नाही. समुद्राजवळच्या गाडीचा खरा हिशेब तिथे असतो. बोल्ट गंजलेले, रूळ पुढेमागे होत नाहीत. गाडी घेताना खाली मोबाईलची बॅटरी मारून रूळ आणि बोल्टवर गंजरोधक लेपन आहे का ते बघा.

देवगडहून, आंबा बागायतदार

आमची बोलेरो. आत बघण्यासारखं काही नाही आणि तेच मला हवंय. एप्रिल-मेमध्ये मागची सीट दुमडून पेट्या भरतो. पेंढ्याची कुसं, चीक, जांभ्याची लाल माती, सगळं आत येतं. आंब्याचा चीक किती जहाल असतो ते तोडणीवाल्यांच्या हातांना विचारा. भावाच्या गाडीत वरून शिवण घातलेला मऊ डॅशबोर्ड आहे, त्यावर चीक उडाला तो डाग तीन वर्षं तसाच काळा आहे. माझ्या कडक प्लॅस्टिकवर उडाला, फडक्याने पुसला, संपलं. खाली गालिच्याऐवजी रबरी लादी आहे, ती मी पाइप लावून धुतो. ज्याला आत बसून हात फिरवायचाय त्याने फिरवावा. शेतकऱ्याच्या गाडीचा दर्जा म्हणजे ती आतून धुता आली पाहिजे.

मुंबईहून, मूळ गाव गुहागर

देवगडच्या दादांचं म्हणणं त्यांच्या कामासाठी बरोबर आहे, पण कडक प्लॅस्टिकला आमच्याकडून इतकी सरसकट पावती नाही. माझी पोलो २०१४ची, चाकणला बनलेली. दर गणपतीला आणि शिमग्याला गावी येते, म्हणजे महामार्ग ६६ तिने खड्ड्यांसकट पाहिलाय. दहा वर्षांनंतर डॅशबोर्डमधून आवाज नाही. दार लावलं की धप्प असा एकच आवाज येतो, पत्रा वाजत नाही. हा आवाज म्हणजे हौस नाही. दाराचं रबर नीट बसतं म्हणून तो तसा येतो, आणि रबर नीट बसतं म्हणून आत पाणी, धूळ आणि ट्रकचा गोंगाट कमी येतो. आईचं वय आता ७४. दुसऱ्या एका गाडीतून आणली तेव्हा कशेडी घाट उतरेपर्यंत ती दोनदा थांबा म्हणाली. या गाडीत सीट कडक आहे, पण मांडीला पूर्ण आधार आहे, ती चिपळूणपर्यंत झोपते. सीटचा मऊपणा पहिल्या दहा मिनिटांत आवडतो, दहा तासांत पाठ उतरवतो. टेस्ट ड्राइव्हला दहा मिनिटंच देतात, हीच अडचण.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत मात्र माझी चूक व्हायची. हवा छान म्हणून काचा उघड्या ठेवायचो. तुषार आत येऊन स्पीकरच्या जाळीचे स्क्रू गंजले. आता काचा बंद.

चिपळूणहून, शिक्षिका

माझ्या अनुभवात ब्रँड नाही, पण इथे तो लिहिलाच पाहिजे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी खालीच होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटच्या बसण्याच्या भागापर्यंत चिखलाची रेघ. वास अजून नाकात आहे.

मेकॅनिकने गाडी पूर्ण सोलली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाडीच्या आत काय काय असतं. गालिच्याच्या खाली दोन बोटं जाड नमदा आणि फोम असतो, आवाज दाबण्यासाठी. तो पाणी शोषतो आणि वरून गालिचा कोरडा लागला तरी खाली महिनोन्‌महिने ओला राहतो. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी होत्या, त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नका असं तो ओरडून म्हणाला. शेजाऱ्यांची जुनी वॅगनआर होती. तिच्यात नमदा पातळ, वायरी कमी. ती दहा दिवसांत कोरडी होऊन चालू लागली. माझ्या गाडीचा नमदा फेकावा लागला, सीटांचा फोमही.

मी असं म्हणत नाही की जाड नमदा वाईट. एरवी त्यानेच गाडी शांत होती. पण आता गाडी बघायला गेले तर एकच विचारते: गालिचा किती सहज निघतो? विक्रेत्यांना प्रश्न समजत नाही. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना लगेच समजतो.

ज्यांच्या गाडीत पुढे डावीकडे पायाशी ओल येते त्यांनी पुराची वाट बघू नये. बहुतेक वेळा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते.

मालवणहून, पर्यटकांची गाडी चालवणारा

तारकर्लीहून येणारी माणसं ओल्या कपड्यांनी बसतात, नको म्हणता येत नाही. वाळू सीटबेल्टच्या कुलपात जाते, रुळांत जाते. माझ्या अर्टिगाचं मूळ कापड मी रेक्झिनखाली झाकलंय. सहा वर्षांत बुरशी एकदाच आली, पावसात गाडी बारा दिवस बंद उभी होती तेव्हा. म्हातारी आई बसली आणि म्हणाली, ‘गाडीक कसलो कुबट वास येता रे?’ वासाचं कारण सीट नव्हती, एसीची हवा थंड करणारी कॉइल होती. कॉइल ओली ठेवून गाडी बंद केली की आत बुरशी धरते. तेव्हापासून पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करतो, पंखा चालू ठेवतो. वास गेला तो गेला. केबिन फिल्टर दर पावसाळ्यानंतर बदलतो.

पियानो ब्लॅक नावाचं ते चकचकीत काळं प्लॅस्टिक कोणी काढलं देव जाणे. वाळूच्या हाताने एकदा पुसलं की चरे कायमचे.

वेंगुर्ल्याहून, गृहिणी

फिकट बदामी सीटांचा मोह आम्हाला पडला होता. माहेरून येताना कोकमाच्या आगळाची बाटली डिकीऐवजी मागच्या सीटवर ठेवली आणि मठाच्या वळणावर ती कलंडली. कोकमाचा रंग जात नाही हे माहीत होतं. पण आगळात मीठ असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे सीट सांगू लागली. धुऊन, वाळवून, उन्हात दारं उघडी टाकूनही तेवढीच जागा पावसाळ्यात ओलसर लागायची. शेवटी तो भाग उसवून फोम बदलला. पुढची गाडी आतून गडद रंगाची घेतली. किया सेल्टॉस, सीटमधून हवा येणारी. मे महिन्यात पाठीला घाम येत नाही याचं कौतुक मी सगळ्यांना सांगते.

सावंतवाडीहून

बटणांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आंबोली घाटात जुलैमध्ये धुकं आणि पाऊस एकदम येतात आणि समोरची काच आतून मिनिटभरात पांढरी होते. तेव्हा काचेवर हवा सोडायचं बटण डोळे रस्त्यावर ठेवून सापडलं पाहिजे. माझ्या आधीच्या गाडीत ते टचस्क्रीनच्या पडद्यावर दोन पायऱ्या आत होतं. छत्री मिटून बसलेल्या माणसाचं बोट ओलं असतं, आणि ओल्या बोटाला पडदा नीट ओळखत नाही. मी घाटात गाडी थांबवली. मागून एसटी येत होती.

मला गोल फिरणारी खटके असलेली बटणं हा आतल्या दर्जाचा पहिला निकष वाटतो. युरोपातल्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीतही २०२६पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर पूर्ण गुण मिळणार नाहीत. एसी त्या यादीत नाही. आपल्या घाटांसाठी असायला हवा होता.

काच धुरकटली की हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करा, एसी चालू ठेवा. खूप जण उलटं करतात.

राजापूरहून

देवगडच्या दादांना एकच. कडक प्लॅस्टिक धुता येतं, मान्य. पण आमच्या कातळावरच्या रस्त्याने तीन वर्षं रोज जा आणि मग गप्प बसून ऐका. माझ्या गाडीत छत पेलणाऱ्या डाव्या खांबातून करकर, मागच्या दारातून टकटक. कारण प्लॅस्टिक कडक असणं हे नव्हे, दोन तुकडे एकमेकांना घासतात आणि मधले क्लिप सैल होतात. मी स्वतः पॅनेल काढून सांध्यांत कापडी टेप चिकटवली, शंभर रुपयांत आवाज गेला. हीच टेप कारखान्यातून लागून आली असती तर? काही कंपन्या लावतात. पॅनेलची कड बोटाने ओढून आत बघितलं तर दिसते.

ही चर्चा सुरू करणारा, रत्नागिरी

कालच्या रविवारी सगळं वाचून बॅटरी घेऊन गाडीत शिरलो. सीटचे रूळ तांबडे पडलेत, बोल्टाचं डोकं पाना धरत नाही. सनरूफच्या चार कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात, त्यातली मागची दोन फणसाच्या पानांच्या चुऱ्याने गच्च. छताच्या कापडावरचा जो डाग मी दोन वर्षं चहाचा समजत होतो तो तिथूनच आलेला. नायलॉनची जाड दोरी घालून भोकं मोकळी केली आणि मग वर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. मागच्या चाकाजवळ धार लागली. मुलगा खाली वाकून बघत होता, त्याने तिथूनच ओरडून सांगितलं, ‘बाबा, येतंय!’

बुधवारी परत कोल्हापूरला जातोय. अंगठा, बॅटरी आणि ओला रुमाल घेऊन. सनरूफ नसलेली गाडी मिळते का तेही विचारणार आहे. दापोली-हर्णैकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. मासळीच्या पेट्या गाडीत घालणाऱ्यांनी वासाचं काय केलं ते कळवावं.