स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आधीच भरून ठेवावेत का?

पेठेतली_आजी: वय ७१, एकटी राहते, मुलगा कॅनडात. माझं सगळं मीच ठरवून पैसे भरून ठेवावे म्हणतेय, पण विषय काढला की हा म्हणतो आई अभद्र बोलू नकोस. मुंबईत सुखान्त म्हणून अंत्यविधीची सोय करणारी कंपनी आहे ना, २०२२ ला दिल्लीच्या ट्रेड फेअरमध्ये स्टॉल होता, तेव्हा मेंबरशिप ३७,५०० रुपये होती. कोणी घेतलीय?

चहाबाज: आजी, कंपनीच आधी गेली तर? त्यापेक्षा विश्वासातल्या कुणाबरोबर जॉइंट खातं काढा, नुसता नॉमिनी असेल तर डेथ सर्टिफिकेट आल्याशिवाय बँक पैसे देत नाही. आणि खरी धावपळ डॉक्टरच्या दाखल्याची असते हो, घरी गेलं माणूस की रात्री २ ला कोण येणार, बाबांच्या वेळी आम्ही चार दवाखाने फिरलो. फॅमिली डॉक्टरशी आत्ताच बोला.

सदाफुली: इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहू नका, ते तेराव्यानंतर उघडतात 😅 देहदानाचा फॉर्म भरला तरी नातेवाईकांनी कळवावं लागतं, आणि पोस्टमॉर्टेम झालं तर बॉडी सहसा घेत नाहीत, मग दुसरी सोय हवीच.

पेठेतली_आजी: शेजारणीकडे चावी आणि डॉक्टरचा नंबर दिला आज. दहाव्याला कावळा शिवला नाही तर रिफंड मिळतो का तेवढं कंपनीला विचारते.