बिबडे मी करते, पैसे यांच्या मोबाइलवर येतात

बिबडेवाली (यावल तालुका)
तायांनो, मी ज्वारीचे बिबडे (शिजवलेल्या पिठाचे पापड) अन् उडदाचे पापड करते. आधी घरापुरतेच व्हायचे. तीन वर्षांपूर्वी नणंदेनं गच्चीवरच्या बिबड्यांचा फोटो सुरतच्या तिच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला अन् ऑर्डरी सुरू झाल्या. यंदा होळीपासून 60 किलो गेले. पहाटे चारला पीठ शिजवायला ठेवते, ऊन चढायच्या आत धोतरावर थापून मोकळी.

पण पैसे सगळे यांच्या फोनवर. माझं जनधन खातं आहे, त्यालाही यांचाच नंबर. हे वाईट नाहीत, मागितले की देतात. पण माझ्याच पैशातून ज्वारी घ्यायला मागावं लागतं, महिन्याला किती सुटले तेही कळत नाही. माझं स्वतःचं यूपीआय कसं सुरू करू? घरात भांडण नकोय.

गटाची_सचिव (चोपडा)
आधी स्वतःच्या नावावर सिम घ्या. आधार-पासबुक घेऊन शाखेत नंबर बदलायचा अर्ज द्या. खात्याला जोडलेलं सिम तुमच्याच फोनमध्ये लागतं. यूपीआयचा पिन डेबिट कार्डावरून तयार होतो. कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवर होतो, पण मग आधारलाही तोच नंबर हवा.

एक पक्कं लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोरच. आमच्या गटातल्या एकीचे 4,000 असेच गेले. तसं झालं तर लगेच 1930 ला फोन करा.

अंगणवाडीताई (साक्री)
फोन आला म्हणजे काम हलकं झालं असं नाही. आम्हीही जेवणं उरकून रात्री मुलांची वजनं अॅपवर भरतो. 2021 मध्ये राज्यातल्या कितीतरी सेविकांनी मिळालेले फोन परत केले होते, इतके ते अडकायचे. ताई, ऑर्डर घ्यायची वेळ ठरवून टाका, नाहीतर रात्री अकरालाही "किती किलो उरले?" सुरूच राहतं. आणि नंबर गुपचूप बदलू नका. नवऱ्याला आधी सांगा, मग अर्ज द्या.

बिबडेवाली (यावल तालुका)
सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "चल, सोडतो." आत मी एकटीच गेले. नंबर जोडल्याचा मेसेज काल आला. कार्ड सापडत नाही, म्हणून आधारचा नंबर बदलायला सोमवारी फैजपूरला जाते. सुरतच्या बाईंना थांबायला सांगितलंय, पाच किलोचे पैसे आता माझ्याच नंबरवर घेईन.