प्रति: 'यूस्ड टु' च्या जागी 'वुड' केव्हा चालत नाही

पूर्वीची सवय इंग्रजीत सांगताना 'यूस्ड टु' (used to) आणि 'वुड' (would) एकच, कुठलंही वापरा, असं वर एका प्रतिसादात म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. पुन्हा पुन्हा केलेल्या गोष्टीला 'वुड' छान बसतं: 'एव्हरी मे, वी वुड गो टु रत्नागिरी'. पण राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं अशा स्थितीला ते चालत नाही. 'आय वुड लिव्ह इन सातारा' ऐकणाऱ्याला 'जमलं तर मी साताऱ्यात राहीन' असं वाटतं. तिथे 'आय यूस्ड टु लिव्ह'च हवं. मराठीत 'जायचो' आणि 'राहायचो' एकाच साच्यातले, म्हणून आपल्याकडची हुशार मुलंही इथे हमखास अडकतात. शिवाय 'वुड'च्या आधी काळ सांगून ठेवावा लागतो, 'यूस्ड टु' एकटंही उभं राहतं.

सवय झाल्याचं 'आय ॲम यूस्ड टु' मात्र वेगळंच प्रकरण. त्यातला 'टु' शब्दयोगी, म्हणून पुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं. शिकवणीत मी मुलांना पुढे 'इट' (it) लावून बघायला सांगते. 'आय ॲम यूस्ड टु इट' जुळतं, म्हणजे 'यूस्ड टु वेकिंग अप अर्ली'च बरोबर, 'वेक अप' नाही. उच्चाराबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही: या दोन्ही अर्थांत तो 'यूस्टु' असा, 'स'चा. 'वापरलं' या अर्थी मात्र 'यूझ्ड'. मुलांकडून हे मोठ्याने म्हणवून घ्या, कानाला फरक लगेच कळतो.