‘प्रतिरक्षाजन्य सूजन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (इंदूर) : मावशींच्या वरच्या जबड्यातील गाठीचा बायॉप्सी अहवाल आला असून निदान ‘आयजीजी४-संबंधित विकार’ असे आहे (आयजीजी४ म्हणजे आयजीजी या प्रतिपिंडाचा, अर्थात अँटिबॉडीचा, एक उपप्रकार). डॉक्टरांनी हिंदीत ‘प्रतिरक्षाजन्य सूजन’ म्हटले. मी घरी ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ असे सांगितले, तर शक्ती कमी पडते आहे असे समजून मावशी च्यवनप्राश मागू लागल्या. नेमके शब्द सुचवावेत.

उत्तर १ : ‘सूज’ हे केवळ लक्षण आहे, आणि ‘शोथ’ या शब्दाचाही आयुर्वेदातील मूळ अर्थ सूज असाच आहे. यकृतदाह या शब्दात रूढ झालेला ‘दाह’ मला योग्य वाटतो. मात्र बोलण्यात त्याचा अर्थ जळजळ असा होतो, आणि या विकारात आग होईलच असे नाही, हे मावशींना सांगावे लागेल. ‘शक्ती’ऐवजी ‘यंत्रणा’ म्हटल्यास च्यवनप्राशाचा प्रश्न मिटतो, म्हणून ‘शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमुळे उद्भवलेला दाह’ असे म्हणावे. तसेच ‘पेशी’ हा शब्द जपून वापरावा. आपल्याकडे हिंदीच्या सवयीने तो ऐकताच कोर्टातली तारीख आठवते!

उत्तर २ : ताई, पॅथॉलॉजीत काम करत असल्यामुळे थोडी भर घालते. हा जंतुसंसर्ग नसल्यामुळे ‘इन्फेक्शन’ हा शब्द येथे मुळीच वापरू नये. तथापि बुरशीचा संसर्ग, कर्करोग, लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग) आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांची शक्यता आधी दूर करावीच लागते, कारण वरच्या जबड्यात ते सारे असेच दिसू शकतात, आणि म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’) असताना प्रतिकारयंत्रणा दाबणारे स्टिरॉइड दिले तर तो फोफावतो, हे २०२१ साली इंदुरानेही पाहिले आहे. रक्तातील आयजीजी४ प्रति डेसिलिटर १३५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास निदानाला बळ मिळते, परंतु अनेक रुग्णांत ते सामान्यच असते. म्हणून भर ऊतींच्या तपासणीवर असतो: प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची) दाटी, चक्राकार पसरलेले तंतू, बुजलेल्या शिरा, आणि आयजीजी धारण करणाऱ्या पेशींपैकी ४० टक्क्यांहून अधिक आयजीजी४च्या असणे.

उपचारात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.६ मिलिग्रॅम, दोन ते चार आठवडे देऊन पुढे काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. ते पुरले नाही किंवा सोसले नाही तर रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाचा विचार होतो. गाठ ओसरल्यावर मात्र मावशींना ‘बरे झाले’ असे न सांगता ‘आटोक्यात आले’ असे सांगावे, कारण हा विकार उलटू शकतो आणि लाळग्रंथी, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांवरही लक्ष ठेवावे लागते.