मदत हवी आहे : व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं एक, कार्डात निघतं दुसरंच

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. उन्हाळ्यात लग्नं, हिवाळ्यात शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) आणि झाडीपट्टीची नाटकं शूट करतो. आजवर डीएसएलआरवरच काम केलं. यंदा दिवाळीच्या आधी सेकंडहँड व्हिडिओ कॅमेरा घेतला. लेन्सवर तीन रिंगा, आतच एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच), बाजूला उघडणारी स्क्रीन आणि मागे डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर. कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार नाही. चुकतंय ते माझं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), आणि दोन कामं हातची गेली म्हणून इथे विचारतो आहे.

भाऊबीज झाल्यावर आमच्याकडे मंडई (गावची जत्रा) भरते. दिवसा पट, रात्री नाटक. दुपारी उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना, म्हणून तिचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला. पट निभावला. रात्री नाटक उभं राहिलं तेव्हा ब्राइटनेस तसाच राहिला होता. अंधारात बसून बघतो तर मंच नुसता झगमगलेला. मला वाटलं उजेड जास्त होतोय, म्हणून आयरिस (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा वाढला की ते लहान होतं) २.८ वरून ५.६ वर नेला आणि पहाटेपर्यंत तिथेच ठेवला. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं तर सगळे चेहरे काळवंडलेले. तिसऱ्या अंकात आई पोराच्या अंगावरचा सदरा ओळखते, तो प्रवेश मी क्लोजअपमध्ये घेतला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी स्वतः पाहिलं होतं. फुटेजमध्ये डोळेच दिसत नाहीत. एडिटमध्ये उजळवलं तर मागच्या काळ्या पडद्यावर मुंग्या चालाव्यात तसे ठिपके. मंडळाच्या पोरांना काय तोंड दाखवू असं झालं.

पुढच्या गावी उलटं झालं. रात्रीचा धडा घेऊन ब्राइटनेस उतरवला आणि दुसऱ्या दिवशी तसाच पटावर गेलो. स्क्रीन काळी दिसते म्हणून आयरिस उघडत गेलो. बैलांच्या पाठी पांढऱ्या कागदासारख्या सपाट झाल्या. एका जोडीचं वशिंड कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

आता प्रश्न असा की स्क्रीनवर विश्वास ठेवायचा तर कसा? झेब्रा (ठरवलेल्या टक्क्याइतका उजेड असलेल्या भागावर तिरपे पट्टे दाखवणारी सोय) चालू केला की चित्रभर पट्टे येतात, म्हणून मी तो बंद ठेवतो. तो कितीवर ठेवायचा? पुस्तकी आकडा सत्तर सांगतात, पण आमच्याकडे उन्हात रापलेले धुरकरी (पटात बैल हाकणारे) आणि रंग लावलेले नट, दोघांना एकच आकडा कसा चालेल? आयरिस ऑटोवर टाकून पाहिला, तर पांढरं धोतर फ्रेममध्ये आलं की चेहरा अंधारतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद : वैनगंगाकाठ

भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात बिघाड नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस फक्त स्क्रीनचा असतो, रेकॉर्डिंगला तो शिवतही नाही. त्यात आपला डोळा. अंधारात बाहुली मोठी होते आणि तीच स्क्रीन उजळ वाटते, उन्हात ती काळी वाटते. स्क्रीन बघून आयरिस फिरवला की फसलोच. झेब्रा आणि हिस्टोग्राम, वेव्हफॉर्म हे आलेख रेकॉर्ड होणारा सिग्नल मोजून दाखवतात, स्क्रीन कितीही उजळ-काळी असो, त्यांना फरक पडत नाही. तो झेब्रा आजच चालू करा.

त्याआधी व्ह्यूफाइंडर लावून घ्या. पहिलं काम डायॉप्टरचं, म्हणजे व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेला जुळवायच्या चाकाचं. चित्राकडे बघू नका, कडेला जे आकडे आणि अक्षरं दिसतात ती धारदार होईपर्यंत फिरवा. मग कलर बार, म्हणजे कॅमेऱ्यातल्या तपासणीच्या रंगपट्ट्या, चालू करा. बारचा प्रकार निवडता येत असेल तर एसएमपीटीई नावाचा घ्या, त्यात खाली उजवीकडे तीन अरुंद काळ्या पट्ट्या असतात. डावी काळ्याहून काळी, मधली काळी, उजवी काळ्याहून किंचित उजळ. ब्राइटनेस असा ठेवा की डावी आणि मधली एक होऊन जाईल आणि उजवी जेमतेम दिसेल. जागा बदलली, वेळ बदलली की हे पुन्हा करायचं. एक मिनिट लागतं. दुपारी बाजूची स्क्रीन वापरूच नका, डोळा रबरी कपात टेकवा आणि वरून दुपट्टा घ्या. पटावर मी तसाच उभा असतो.

झेब्रा दोन असतील तर दुसरा शंभरवर ठेवा. बैलांसाठी आयरिस इतका मिटवा की पाठीवर पट्टे राहणार नाहीत. शिंगांच्या पितळी शेंब्या चमकून पट्टे आले तर येऊ द्या, तिथे बघण्यासारखं काही हरवत नाही. सत्तरचा आकडा गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ भागासाठी रूढ झाला. आपल्या शेतकऱ्याचा चेहरा पन्नास ते साठमध्ये ठेवा, सत्तरवर नेला तर तो दुसराच कोणी दिसेल. रंगवलेल्या नटाला पासष्टपर्यंत चालतं. काहीच सुचलं नाही तर त्याच उजेडात आपला तळहात धरा. तळहात सगळ्यांचे जवळपास सारखेच उजळ असतात. तो साठच्या आसपास आला की बाकीचं जुळतं.

आणखी एक, हे विसरू नका. कॅमेरा बैलगाडीवर ठेवताना व्ह्यूफाइंडरचं भिंग सूर्याकडे ठेवू नका. ते भिंग उन्हाचा ठिपका थेट आतल्या पडद्यावर टाकतं आणि कायमचा डाग पडतो. माझा एक असाच गेला.

प्रतिसाद : रात्रपाळी

वरच्या सगळ्याशी सहमत. नाटकापुरती भर घालतो. आता सगळीकडे एलईडी आले. भूत किंवा स्वप्नाच्या प्रवेशाला मंच पूर्ण निळा करतात. झेब्रा चित्राचा एकूण उजेड मोजतो आणि एचडीच्या हिशेबात त्या उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के. त्यामुळे निळा चॅनल फाटून जातो (निळ्यातले बारकावे जळून सपाट होतात) तरी झेब्रा गप्प! चेहरा काळा दिसतोय म्हणून तिथे आयरिस उघडलात तर नाक-डोळे पुसले जातील. निळ्यात आयरिसला हात लावू नका.

तुमचे ते ठिपकेही समजून घ्या. २.८ वरून ५.६ म्हणजे दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), उजेड चौथ्या हिश्श्यावर. तो एडिटमध्ये परत आणणं म्हणजे नंतर १२ डीबी गेन (सिग्नल वाढवून दिलेला उजेड) देण्यासारखंच. मंचावर आयरिस पूर्ण उघडा, तरी कमी पडलं तर ६ डीबी गेन द्या. काळोखात टिपून मग उजळवण्यापेक्षा ते बरं. शटर १/५०. जनरेटरवर वीज असेल तर तिची गती हलते आणि जुन्या ट्यूबलाइटखाली पट्टे वर-खाली सरकतात. कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन (शटरची गती बारीक बारीक बदलायची सोय) असेल तर पट्टे थांबेपर्यंत आकडा फिरवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. परवा सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक होतं. पडदा उघडायच्या आधी मंचावर जाऊन माईकसमोर तळहात धरला आणि आमच्या पोराला कॅमेऱ्यात बघायला लावलं. तो खालून ओरडला, "दादा, पट्टे आले, आता हलू नका!" पहिला झेब्रा साठवर होता, आयरिस २.८ आणि गेन ६. पुढे पहाटेपर्यंत एकदाच फिरवला, तोही निळा उजेड जाऊन पिवळा आला तेव्हा. या वेळी आईच्या गालावरून ओघळणारा थेंब स्पष्ट दिसतो.

एक अडचण उरली. बार लावायला गेलो तर माझ्या कॅमेऱ्यात सरळ उभ्या रंगपट्ट्याच येतात, खालच्या त्या तीन काळ्या पट्ट्या नाहीत, आणि मेनूत प्रकार निवडता येत नाही. काळा पडदा आणि त्याच्यापुढे काळी छत्री धरून, छत्रीच्या घड्या जेमतेम दिसतील इतका ब्राइटनेस ठेवला तर चालेल का? पुढच्या आठवड्यात पट आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.