मदत हवी आहे : आजारी माणसासाठी अंधारी पण शांत खोली निवडावी की उजेडाची पण गोंगाटाची?

माझ्या वडिलांना शस्त्रक्रियेनंतर काही महिने घरीच विश्रांती घ्यायची आहे. मागची खोली शांत आहे, पण तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडते आणि तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो. पुढच्या खोलीत उजेड भरपूर असून समोर झाडे दिसतात, मात्र रस्त्यावरची वाहतूक रात्रीही थांबत नाही.

संशोधक रॉजर उल्रिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, तरी तो वाचल्यापासून मागच्या खोलीची मला धास्तीच वाटते. शिवाय डोळ्याच्या दृष्टिपटलातील, मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य असलेल्या पेशी उजेडाची वर्दी मेंदूतील जैविक घड्याळाला देतात, त्यामुळे दिवसभर अंधारात राहिल्यास रात्रीची झोप बिघडू शकते. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्री घराबाहेरच्या आवाजासाठी ४० डेसिबलची मर्यादा सुचवली होती, आणि आमचा रस्ता त्याहून नक्कीच गोंगाटाचा आहे.

दिवसा पुढच्या खोलीत आणि रात्री मागच्या खोलीत, अशी व्यवस्था अशक्त माणसाला झेपेल का? की पुढच्या खिडकीला दुहेरी काच बसवणे अधिक श्रेयस्कर ठरेल, आणि तसे केल्यास हवा खेळती कशी ठेवावी? वास्तुरचनाकार, डॉक्टर किंवा घरी रुग्णाची शुश्रूषा केलेल्यांनी कृपया अनुभवाने सांगावे. पुढच्या आठवड्यात वडील घरी येत आहेत.