ईशानला तुओल स्लेंगला न्यावं का?

वैशाली: आत्या, कंबोडियाचं पक्कं झालं. आधी अंकोर, मग नोम पेन्ह. हे म्हणतात तिथलं तुओल स्लेंग, जुन्या तुरुंगाचं संग्रहालय, बघायचंच. पण ईशान तेराचा आहे. नेऊ का त्याला?

सुहासकाका: सुट्टीत पोराला छळछावणी कशाला? अंकोर दाखवा की निवांत.

नंदाआत्या: सुहास, 2018 ला जाताना मीही हेच म्हणत होते. वैशू, ती मुळात शाळा गं. मधे मैदान, भोवती व्हरांड्यांच्या तीन मजली इमारती. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांनी, नोम पेन्ह घेतलं, अख्खं शहर रिकामं करून माणसं शेतांवर हाकलली आणि पुढे या शाळेचा तुरुंग केला, एस-21. वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या, इतक्या अरुंद की पाय पसरता येत नाहीत. एका इमारतीच्या व्हरांड्याला अजून काटेरी तारेची जाळी आहे. कैद्यांनी उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. मरायचीसुद्धा मुभा नव्हती.

नंदाआत्या: आणि तुरुंगाचा प्रमुख दुच, तो आधी गणित शिकवायचा. मी 31 वर्षं गणितच शिकवलं. ते वाचल्यावर बाहेर जाऊन बसले.

सुहासकाका: पकडलेले कोण होते? विरोधक?

नंदाआत्या: पुढे पुढे तर बरेचसे त्यांच्याच पक्षातले. मारून मारून कबुली लिहून घ्यायची, तीत साथीदारांची नावं मागायची, मग त्यांना उचलायचं. सोबत बायको-मुलंही. पुढे दुचवर चाललेल्या खटल्यात किमान 12,272 बळी नोंदले गेले. वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले चुम मेय आवारात बसलेले दिसले. यंत्रं दुरुस्त करता येत होती, म्हणून त्यांना जिवंत ठेवलं होतं.

वैशाली: बाप रे. मग नको का?

नंदाआत्या: ने, पण जपून. आत शिरल्यावर आधी ए इमारत लागते. लोखंडी खाटा, आणि 1979 च्या जानेवारीत, ख्मेर रूजची सत्ता कोसळल्यावर, तिथे सापडलेल्या मृतदेहांचे फोटो. ती त्याला दाखवू नकोस. बी इमारतीतले फोटो मात्र बघू दे. आणल्या आणल्या काढलेले चेहरे आहेत, रांगाच्या रांगा. काही ईशानच्याच वयाचे. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसलीय, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सुहासकाका: आधी त्याच्याशी बोला. घरी, नीट बसून. तिथे पोचल्यावर नाही.

वैशाली: हो काका, रविवारीच बोलतो आम्ही. आणि चोएउंग एक, जिथे या कैद्यांना नेऊन मारायचे?

नंदाआत्या: तिथे स्तूपात कवट्या रचल्यात. त्याच दिवशी तर नकोच. ईशान 'पुरे' म्हणाला की निघा, तिकिटाचा विचार करू नका. ऑडिओ गाइड मात्र घ्या, आणि त्याच्या कानाला लावण्याआधी तू ऐक.